तिसऱ्या फळीखाली

मी तळ्याकाठी लपवलेला डबा बोलतोय. माझ्यात कधी कुणी खाऊ भरला नाही. माझ्या पोटात एक वही, एक पेन्सिल आणि दोन-चार काचेचे मणी, बस्स.

लेस्टरने मला बुधवारच्या बाजारातून आणलं. त्याची बायको म्युरिएल तिथेच चीज विकते. त्याने मला काळपट हिरवा रंग फासला, काठावरच्या विलोच्या झाडाच्या मुळात खुपसलं आणि लपवलेले डबे शोधायच्या खेळासाठी जागेचे नकाशावरचे आकडे फोनवर टाकले. झालं! लोक मला शोधायला येऊ लागले. चांगली पिकल्या केसांची माणसं, पण कुणी जवळून गेलं की बुटाची नाडी बांधायचं सोंग करायची. सापडलो की वहीत नाव, फोनवर दोन गोड शब्द, आणि मी परत जागेवर.

या खेळाचा एक नियम आहे. पुढच्याची मजा घालवायची नाही. डबा कुठे आहे याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्यातून इथली माणसं अशी भिडस्त, की तक्रार करायची म्हणजे त्यांच्या जिवावर येतं.

आणि ‘जागेवर’ म्हणजे तरी काय? प्रत्येकाला वाटायचं, आपण जरा जास्त हुशारीने लपवावं. असा वीतवीत सरकत मी मुळातून दगडांत गेलो आणि सहाव्या वर्षी गळ टाकणाऱ्यांच्या लाकडी धक्क्यावर, तिसऱ्या फळीखाली पोहोचलो. फळी वरून ठणठणीत दिसते. मी खालून पाहतो. ती पार कुजली आहे. उन्हाळ्यात तिचा एक तुकडा माझ्या झाकणावर पडला, तेव्हापासून मला धास्ती होती.

सप्टेंबरात ब्रायनी आणि तिचा नवरा गॅव्हिन आले. मला काढताना गॅव्हिनचा पाय फळीत किंचित रुतला.

“अगं, मऊ लागतेय ही. लिहायचं का?”

“फळी म्हटलंस की जागा फुटली! सगळे शिव्या घालतील आपल्याला.”

“मग काय लिहू?”

“लिही की, सुंदर जागा, मनापासून आभार.”

त्याने तेच लिहिलं. त्यांच्यानंतर नऊ जण आले. तिघांना फळी करकरल्याचं कळलं. आभार मात्र सगळ्यांनी मानले.

नोव्हेंबरात वही भरत आली. नवी वही ठेवणं हे ज्याचा डबा त्याचं काम. लेस्टर दोन वर्षांनी आला, गुडघा चोळत. काठाला बर्फाची पातळ साय धरली होती. म्युरिएल बाजार सोडून त्याच्यामागे आली होती.

“तुझं वय काय, चाललंय काय! माघारी चल. चहा गार झालाय नुसता.”

“अगं, सगळे लिहितात छान जागा, सोपी जागा. मलाच सापडू नये? हसतील लोक.”

विलोच्या मुळात मी नव्हतो. मग त्याला धक्क्याकडे जाणारी, शोधणाऱ्यांच्या पायांनी मळलेली वाट दिसली. तो खुशीत हसला. पहिली फळी वाजली. दुसरी वाजली. ‘लेस्टर, मागे फिर!’ असं मी किती ओरडलो, पण डब्याचं ओरडणं डब्यातच राहतं.

फळी मोडायला आवाजसुद्धा फारसा झाला नाही. म्युरिएलच्या हाका ऐकून अख्खा बाजार धावला. त्याला पाण्याबाहेर काढलं तेव्हा तो गेला होता. मी शेजारीच तरंगत होतो आणि माझ्या पोटातली वही कोरडी होती.

आता मी म्युरिएलच्या दुकानात वजनकाट्यामागे असतो. गेल्या बुधवारी ब्रायनी चीज घ्यायला आली. मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“आम्हाला ती फळी मऊ लागली होती हो,” ती कशीबशी म्हणाली.

म्युरिएलची सुरी थांबली. “मग लिहिलं का नाहीत?”

“लिहिलं असतं तर जागा कळली असती ना...”

“कळली असती,” म्युरिएल म्हणाली. “लेस्टरलाही कळली असती.”

तिने चीज कागदात गुंडाळून दिलं. ब्रायनीने सवयीने आभार मानले आणि ती रडत निघून गेली.

बाबांनो, मला शोधा, लपवा, हवं ते करा. पण पायाखालची फळी कुजलेली दिसली, तर माझी जागा खुशाल फोडा. मला राग येणार नाही.