अभिरूप संसदेच्या सभापतीची खुर्ची

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. मित्रांनो, सध्या माझ्यावर कुणी बसत नाही, उभे राहतात. भूगोलाच्या वर्गात भिंतीवर नकाशा टांगायचा असला की मला ओढत नेतात आणि चपलांसकट माझ्यावर चढतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

जळगाव जिल्ह्याच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी तालुक्याच्या गावी आमचं छोटंसं कॉलेज आहे. ते उघडलं त्या वर्षी चिंधा मिस्तरींनी मला घडवलं. उंच पाठ, रुंद हात, पायांना नक्षी. एवढी रुंद कशाला, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मिस्तरी रंधा न थांबवता म्हणाले, "मोठा मानूस बसनार शे!" उद्घाटनाचे पाहुणे माझ्यावर बसले, हार माझ्याच हातावर ठेवून गेले. मग बरीच वर्षं मी प्राचार्यांच्या खोलीत मानाने राहिले. पुढे गादीची, गरगर फिरणारी खुर्ची आली आणि माझी रवानगी व्हरांड्यात झाली. शिपाई माझ्यावर ओली फडकी वाळत घालायचा. मोठेपणाचं असंच असतं म्हणून मीही गप्प राहिले.

तिथून मला उचललं ते पंडित सरांनी. हे आमचे राज्यशास्त्राचे एकमेव प्राध्यापक. त्यांच्या विषयाला गावात फारशी किंमत नव्हती. "हे शिकून पोरं काय आमदार होणार का?" असं लोक चहाच्या टपरीवर त्यांना तोंडावर विचारायचे, आणि सर हसून दुसरा चहा मागवायचे. दर वर्षी ते वर्गात अभिरूप संसद भरवत. बाकं समोरासमोर लावायची, एका बाजूला सत्ताधारी, दुसऱ्या बाजूला विरोधक, आणि मधोमध माझ्यावर सभापती. कापसाच्या भावावरून मुलं बाकं बडवायची, "सभापती महोदय, सभापती महोदय" करून घसा कोरडा करायची. मी नुसती फुगून जायची. ते मला उद्देशूनच बोलतात असं वाटायचं!

आणि मग ममता आली.

ममता डोंगराकडच्या पाड्यावरची. सकाळच्या बसने यायची, दुपारच्या बसने परत जायची. तिची आई चमेलीबाई ग्रामपंचायतीवर निवडून आलेली होती, पण सभेत आईच्या खुर्चीवर सरपंचांचा भाऊ बसे आणि आई दाराशी जमिनीवर. कागद पुढे आला की अंगठा द्यायचा, एवढंच तिचं काम. ममताने राज्यशास्त्र घेतलं ते यासाठी. वर्गात शिकलेलं ती घरी जाऊन आईला सांगायची. ग्रामसभा कुणी बोलवायची, कोरम म्हणजे काय, सदस्याला काय काय विचारता येतं. तिचे वडील ठाकऱ्याभाऊ हे ऐकत विडी ओढत बसायचे. पोरीचं लग्न ठरवायचं त्यांच्या मनात होतं, पण एक दिवस तेच म्हणाले, "आईना कामनं शिकी ऱ्हायनी ते शिकू द्या. पंधरावी व्हऊ द्या."

सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

ममता दुसऱ्या वर्षाला असताना प्राचार्यांनी सांगितलं की शिकवायला माणसं पुरत नाहीत, तिसऱ्या वर्षाला एकच विशेष विषय ठेवता येईल, भूगोल किंवा राज्यशास्त्र. मुलांना विचारून कळवा. दुसरा कुणी असता तर त्याने मुलांना एकेकटं गाठलं असतं, गोड बोलून आपल्याकडे वळवलं असतं. पण आमचे सर पडले राज्यशास्त्राचे. ते म्हणाले, "याचा निकाल संसदेत लागेल. ठराव मांडू, चर्चा करू, हात वर करून मत देऊ." आणि वर्गातली सर्वांत हुशार मुलगी म्हणून सभापती केलं ममताला.

तिला केवढा आनंद झाला! त्या दिवशी ती आईलाही घेऊन आली. सरांनी चमेलीबाईंना बाक दाखवलं. "माले खालेच बरं," म्हणत त्या दाराशी टेकल्या. सवयच ती. ममताने ते पाहिलं आणि माझ्यावर ताठ बसली.

पण मित्रांनो, सभापतीला मत नसतं. दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली तरच त्याला मत देता येतं. सरांनी हे शिकवलेलं होतं. ममताला ते पाठ होतं. म्हणजे ज्या ठरावावर तिचं पुढचं सगळं अवलंबून, त्यालाच तिला हात वर करता येणार नव्हता. खुर्चीचा मान असा पदरात पडला.

चर्चा झाली. भूगोलाला प्रात्यक्षिकाचे गुण मिळतात, असं बरीच मुलं म्हणाली, आणि त्यांचं खोटं नव्हतं. भूगोलाचे हितेंद्र सर मागे भिंतीला टेकून उभे होते. कोण काय बोलतं ते पाहत होते. मग ममताने मतदान पुकारलं. "राज्यशास्त्र ठेवावं, या ठरावाच्या बाजूने?"

आठ हात वर गेले.

तिने गोपालकडे पाहिलं. गोपाल तिच्याच पाड्याचा, एकाच बसने येणारा. चर्चेत तोच ठरावाच्या बाजूने जोरात बोलला होता. त्याचे दोन्ही हात बाकावर होते. ममताच्या मुठी माझ्या हातांवर आवळल्या. तिचा घाम माझ्या लाकडात उतरत होता. ती थांबली, सभापतीने थांबू नये इतका वेळ थांबली. गोपालने मान खाली घातली.

"विरोधात?"

नऊ हात. गोपालचा त्यातही नव्हता.

एक मत. मी लाकडाची नसते तर ओरडले असते. गोपालचा हात वर गेला असता तर नऊ आणि नऊ झाले असते, आणि तिला मत देता आलं असतं. ममता उभी राहिली. आवाज जराही न कापता म्हणाली, "आठ विरुद्ध नऊ मतांनी ठराव फेटाळला गेला आहे." चमेलीबाईंना फक्त पोरीचा खणखणीत आवाज कळला. त्या दाराशी बसून कौतुकाने हसत होत्या. ते हसणं मला अजून सोसत नाही.

वर्ग रिकामा झाल्यावर गोपाल जवळ आला. "तू हात काबर वर करा नही?" त्याने तिलाच विचारलं!

"सभापतीले मत नही ऱ्हास, गोपाल. बरोबरी व्हयनी तेच ऱ्हास."

त्याचा चेहरा उतरला. "माले वाटनं, तुना हात शे, सरना हात शे. हितेंद्र सर मांगे उभा व्हतात, मना प्रात्यक्षिकनी वहीवर त्यासनी सही बाकी शे. मना एक हात नही उना ते काय व्हई, आसं वाटनं."

"सरनी शिकाडेल व्हतं."

"त्या दिन मी वर्गम्हा नव्हतू."

तो रडकुंडीला आला. सरांकडे धावला, पुन्हा मतदान घ्या म्हणून पाया पडू लागला. पंडित सर खिडकीशी पाठमोरे उभे होते. त्यांचाही विषय गेला होता, आयुष्य गेलं होतं त्यात. मागे न वळताच ते म्हणाले, "हरलो म्हणून पुन्हा मतदान घेतलं, तर मी इतकी वर्षं तुम्हाला शिकवलं काय?"

मला त्यांचा राग आला. आजही येतो. पण त्याहून वाईट म्हणजे ममता म्हणाली, "सरांचं बरोबर आहे." आईचा हात धरला आणि दुपारच्या बसला निघून गेली.

भूगोल घेऊन ती शिकू शकली असती, असं तुम्ही म्हणाल. हितेंद्र सरही तसंच म्हणाले, त्यांनी निरोपही धाडला. पण ठाकऱ्याभाऊंचं उत्तर गोपालने आणलं ते असं: "भूगोल शिकीसन काय करनं? डोंगर ते आपला दारम्हाच शे." जळगावला किंवा धुळ्याला ठेवून शिकवायची तर गोष्टच नको. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. आता ती सासरी पलीकडच्या तालुक्यात कापूस वेचायला जाते. आणि चमेलीबाई पंचायतीत अजून दाराशीच बसतात. आता घरी येऊन कोरम म्हणजे काय ते सांगणारं कुणी नाही.

पंडित सरांची दुसरीकडे बदली झाली. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी भूगोलात आले.

गोपालही आता याच वर्गात बसतो. मला ओढायची वेळ आली की तो पुढे होतो, पण माझ्यावर पाय देत नाही. बाकावर चढून नकाशा टांगतो. आणि एक विचित्र खोड त्याला जडली आहे. वर्गात कुणी काहीही विचारलं, सहलीला कोण येणार, खडू कोण आणणार, पंखा कुणाला लागतोय, तरी सर्वांत आधी गोपालचा हात वर जातो. मुलं खो खो हसतात. त्याचा हात मात्र तसाच ताठ राहतो, सरांनी दोनदा खाली घे म्हणेपर्यंत. त्या हाताचा आता कुणाला काही उपयोग नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला पॉलिश करा, असं मी मागणार नाही. लाकूड आहे मी, एक दिवस चुलीत जाईन. पण कुठे हात वर करायची वेळ आली, तर दुसऱ्याचा असेलच असं धरून आपला खाली ठेवू नका. समोर खुर्चीत कुणीतरी मुठी आवळून बसलेलं असतं. त्याला बोलता येत नाही. ते तुमच्याकडेच पाहत असतं.