साळवे सरांची पुरुष संगती

आल्फ्रेड साळवे सर शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी आपला मोर्चा चर्चकडे वळवला. म्हणे, कॅथलिक पुरुषांची एक संगती काढायची! रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, झाली की सगळ्यांनी बसायचं, शुभवर्तमान वाचायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची. कल्पना झकास, पण माणूस पडला हाडाचा हेडमास्तर. त्यांनी प्रवेश-अर्ज छापले, हजेरीपट आखला, चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा लावल्या आणि स्वतः टेबलामागे बसले. आता सांगा, कोण बापडा येईल?

तीन रविवार कुणी फिरकलं नाही. पुरुष मंडळी प्रवचनाला सुरुवात झाली की हळूच बाहेर सटकायची, ती थेट स्कूटरस्टँडवरच्या कडुनिंबाखाली. तिथे दाल बाजारातल्या भावांपासून सिटी सेंटरच्या ट्रॅफिकपर्यंत सगळ्या जगाचा समाचार घेतला जायचा.

"या रविवारीही कुणी आलं नाही, तर हॉल शिवणवर्गाला देईन," फादरांनी सांगून टाकलं.

सर घरी येऊन न जेवताच बसून राहिले. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता?" त्यांच्या पत्नी वनमालाबाई म्हणाल्या. त्यांचं बरं होतं. त्यांचं महिला मंडळ होतं, गायनाचा ताफा होता, दिवसभर फोन वाजायचा. सरांना सहा महिन्यांत फोन आला होता तो गॅसवाल्याचा. हॉल गेला की पुन्हा घरी बसून तोच पेपर दोनदा वाचायचा!

चौथ्या रविवारीही हॉल रिकामाच राहिला. सर अर्जांचा गठ्ठा घेऊन तडक कडुनिंबाखाली गेले.

"काही लाज? मी प्रभूच्या नावाने बोलावतोय, अन् तुम्ही इथे कचोऱ्या हाणताय? पुरुषाला संगत लागते, कळतं का?"

सगळ्यांनी वर्गातल्या पोरांसारखे हात पाठीमागे लपवले. किला गेटजवळ गॅरेज चालवणारे महिपतराव पवार मात्र शांतपणे एक अर्ज घेऊन वाचू लागले.

"सर, यात विचारलंय, संगतीत का यावंसं वाटतं? तुम्ही भरलात का हा?"

"मी? अहो, मी चालक आहे!"

"तरी पण. तुम्हाला का यावंसं वाटतं?"

सरांनी तोंड उघडलं. भाषण चांगलं पाठ होतं, पण त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ!

"मला बोलायला कुणी नाही रे," ते म्हणाले. "अख्खा दिवस कुणी नाही."

त्यांच्यातला स्टीफन तिर्की ओरडला, "अरे सर, पहले बताना था ना!" कुणी स्कूटरची सीट पुसून दिली, कुणी द्रोणात गरम कचोरी वाढली. सर बसले आणि डोळे पुसत पुसत खाऊ लागले. कचोरी तिखट आहे म्हणायची सोय होती, पण त्यांनी तसं म्हटलं नाही.

तेवढ्यात फादर हॉलचं विचारायला बाहेर आले.

"देऊन टाका शिवणवर्गाला," सर घास गिळत म्हणाले. "आम्ही इथेच बसू."

"मग प्रार्थना होऊ द्या," म्हणत फादरही एका स्कूटरला टेकले.

सर सवयीने पुढे व्हायला उठले. महिपतरावांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि डोळे मिटले.

"देवा, आज आमच्यात एक नवा माणूस आलाय. बिचारा जरा बुजलाय. त्याला सांभाळून घ्यायची बुद्धी आम्हाला दे."

"आमेन," साळवे सर सगळ्यांच्या आधी म्हणाले.