खंडेनवमीचं गाऱ्हाणं

आमच्या कार्यालयात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. साहेबांनी विचारलं, झालं का? होय साहेब. समजलं का? होय साहेब. ग्राहक फोनवर ओरडला, आज येणार ना वीज? होय होय, येणार. मी वीज कंपनीच्या ह्या उपविभागात आस्थापना शाखेची लिपिक आहे. रोज जामसंड्याहून स्कूटरने येते, आणि इतके साहेब आले-गेले पाहिलेत की त्यांच्या निरोप समारंभाचं भाषण मी झोपेतही टाइप करीन. साहेब बदलतात. 'होय' तेवढं इथलं कायम आहे.

आताचे जितेंद्र साहेब घाटावरचे, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर एक पांढरा फळा लावला. कुठल्या भागात वीज किती वेळ गेली, ते त्यावर रोज लिहायचं. लवकर आली तर हिरव्या पेनाने, उशीर झाला तर लाल पेनाने. महिन्यातून एकदा 'तत्पर कर्मचारी' म्हणून एकाला चहाचा मग द्यायचा. आम्हाला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण साहेबांना वरून रोज फोन यायचे, आणि फळा काही उतरला नाही. जूनमधला चहाचा मग गुरुदासला मिळाला.

गुरुदास आमचा लाइनमन. फोंडाघाटचा, बारीक अंगाचा, बोलायला गोड. खांबावर चढण्याआधी त्या लाइनचा पुरवठा बंद करून घ्यायचा असतो, आणि तो बंद केल्याचं लेखी परमिट उपकेंद्रात जाऊन, सही करून हातात घ्यायचं, असा नियम आहे. आमचं उपकेंद्र डोंगराच्या पलीकडे. पावसात तिथे जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, आणि फळ्यावर लाल पेन आलं. म्हणून वर्षानुवर्षं आमचे लाइनमन खांबाखालून फोन करतात. "लायन बंद आसा मां?" पलीकडून ऑपरेटर म्हणतो, "व्हय." झालं परमिट. कागद मागाहून कधीतरी भरतात. हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कधी ठरवलं नव्हतं, आणि कुणी कधी थांबवलंही नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी गुरुदासने असाच फोन केला. उपकेंद्रात दीपेश ड्युटीवर होता. त्याच्या दुसऱ्या कानाला दुसरा फोन होता, आणि त्यावर कोणीतरी पुढारी त्याची खरडपट्टी काढत होता. दीपेश म्हणाला, "व्हय, व्हय." गुरुदास चढला. लाइन चालू होती.

तो जगला. उजवा हात कोपराखाली कापावा लागला. गोव्याच्या इस्पितळात मी बघायला गेले, तेव्हा त्याने डाव्या हाताने मला बसायची खुर्ची दाखवली आणि म्हणाला, "ताई, माझी रजा भरलास मां?" मी म्हटलं, भरली. खरं तर मला तिथे रडू यायला हवं होतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला नसल्यासारखा होतो ना, तशी मी आतून झाले होते. खाली उपाहारगृहात जाऊन मी समोसा खाल्ला, तो संपेपर्यंत चव कळली नाही. ते इंजेक्शन अजून उतरलेलं नाही.

अपघातानंतर कंपनीने जे करायचं ते सगळं झटपट केलं. नवे रबरी हातमोजे आले, नवी अर्थिंगची काठी आली. 'नेतृत्व आणि सुरक्षा संस्कृती' म्हणून एक दिवसाचं शिबिर झालं. पुण्याहून एक बाई आल्या होत्या, चांगल्या हसऱ्या. त्यांनी आम्हाला गोल उभं केलं, एकमेकांबद्दल एकेक चांगली गोष्ट बोलायला लावली, डोळे मिटून खोल श्वास घ्यायला लावला. शेवटी विचारलं, "तुमच्या कार्यालयात मनातलं मोकळेपणाने बोलता येतं का?"

"होय मॅडम," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

बाई खूश झाल्या. इतका सकारात्मक गट पाहिला नव्हता म्हणाल्या. भांडारातले जासिंतमामा माझ्या कानाशी पुटपुटले, "हिका जेवाक वाढा गो लवकर." जासिंतमामांना निवृत्तीला थोडेच महिने उरलेत, त्यामुळे हल्ली त्यांना प्रत्येक गोष्टीत जेवण दिसतं.

मग चौकशी आली. चौकशी अधिकारी वरच्या कार्यालयातले. त्यांनी एकेकाला आत बोलावलं, आणि जबाब टाइप करायला मला बसवलं. प्रश्न एकच होता. "तुमच्या उपविभागात फोनवर तोंडी परमिट घेण्याची पद्धत आहे का?"

प्रत्येक जण आत आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "नाही." ज्यांनी जन्मात साहेबाला नाही म्हटलं नव्हतं, त्यांना तो शब्द येतो हे मला त्या दिवशी कळलं. अळीमिळी गुपचिळी. जासिंतमामाही नाही म्हणाले. दीपेश म्हणाला, गुरुदासचा फोन आला होता, पण तो परमिटसाठी नव्हता. साहेब शेवटी गेले. तेही नाही म्हणाले. प्रत्येकाचं 'नाही' मी टाइप केलं, खाली सहीला जागा सोडली. मला मात्र कोणी विचारलं नाही. मी टाइप करणारी. टाइप करणाऱ्याला कोण विचारतो?

अर्थ सरळ होता. तोंडी पद्धत नाहीच, म्हणजे गुरुदास परमिट न घेता स्वतःच्या मर्जीने खांबावर चढला. दोष त्याचा. अहवाल दसऱ्यानंतर वर जाणार होता, आणि तो तसाच गेला तर गुरुदासची नोकरी जाणार होती.

एका सकाळी त्याची बायको शेवंती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी भाजलेले काजूगर. मी बस म्हटलं तरी बसली नाही.

"ताई, नोकरी गेली तर आमी काजी इकू, भात करू. ता काय नाय. पण ते रात्री बसान ऱ्हवतत, आणि एकच इचारतत माका. 'मी फोन केल्लंय मां गो? मी इचारलंय मां?' आता तेंकाच खरां वाटणा नाय. कोण तरी एकटो म्हणतलो मां, ह्येनी इचारल्यानी म्हणान?"

"बघूया," मी म्हणाले.

'बघूया' हा आमच्याकडे 'होय'चा मावसभाऊ. शेवंती भोळी नाही. तिने मान हलवली आणि ती निघून गेली. काजूगर मात्र ठेवून गेली. ते मी चहाबरोबर खाल्ले.

त्याच आठवड्यात दीपेश रजेचा अर्ज द्यायला आला आणि उगाच घुटमळला. त्याला कायम होऊन वर्षही झालेलं नाही, घरी तान्ही मुलगी. मी त्याला सरळ विचारलं, "त्याणा काय इचारलेलान रे तुका?"

"ताई, आवयची शपथ, माका आठवणा नाय. मी आयकलंयच नाय. नुसता व्हय म्हटलंय."

तो खोटं बोलत नव्हता. मला त्याचा रागही येईना. हेच मला जास्त खुपत होतं, की माझा म्हणून जो एक राग आहे, ज्याला माझ्या सासरचे सगळे टरकून असतात, तो कुठे निघून गेलाय.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पकडी, दोर, शिड्या, कमरेचे पट्टे, सगळं धुऊनपुसून कार्यालयाच्या मधल्या हॉलमध्ये मांडायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, भाताची लोंबी ठेवायची, आणि मग गाऱ्हाणं. एकाने देवाला हाक घालून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या कार्यालयात गाऱ्हाणं घालायचा मान गुरुदासचाच. त्याचा आवाज त्यासाठीच केल्यासारखा आहे.

साहेबांना हा प्रकार गेल्या वर्षी भारी आवडला होता. मालवणी त्यांना कळत नाही, पण 'उत्तम टीम बिल्डिंग' असं म्हणून त्यांनी व्हिडिओ वर पाठवला होता. ह्या वर्षी त्यांनी स्वतः गुरुदासला फोन केला. "तुम्हीच या. तुम्हीच घाला. सगळ्यांना बरं वाटेल." मी समोरच होते. फोन ठेवून साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, एकदा तोंडी परमिट मान्य केलं की सगळेच अडकतात. मीच पहिला. तुम्हाला कळतंय ना?"

"होय साहेब," मी म्हणाले.

गुरुदास आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजवी बाही दुमडून पिनेने लावलेली. सगळे त्याच्याभोवती जमले, बरो आसस मां, जेवतंस मां, असं विचारलं. तो सगळ्यांना बरो आसंय म्हणाला. दीपेश पंख्याच्या बटणाजवळ उभा होता, तो तिथून हलला नाही. मांडलेल्या हत्यारांत नवे हातमोजेही होते, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीवरच कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं.

आम्ही हात जोडले. गुरुदासला जोडायला दुसरा हात नव्हता. त्याने डावा तळवा छातीवर ठेवला आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरांनी हत्यारां मांडून तुझी सेवा केल्यानी, ती मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जासिंतमामाची पेन्शन येळेर सुरू होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज जासिंतमामांचाच. रविवारी चर्चमध्येही इतका लागत नसेल.

"दीपेशच्या चेडवाक बरां आयुष्य गावांदे, साहेबांका बढती गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता सूर लागला होता. गाऱ्हाण्यात असंच होतं, दोन-चार मागण्यांनंतर कान बाजूला पडतात आणि तोंड आपलं आपण चालतं. मी समोरच्या झेंडूकडे बघत होते, प्रसादाच्या पोह्यांत मीठ बरोबर असेल का, असं काहीतरी डोक्यात होतं. गुरुदासचा आवाज जराही बदलला नाही, सूर तोच, ओढ तीच.

"आणि आता मी खांबार चडतंय रे म्हाराजा! लायन बंद आसा मां, म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. माझा आवाज मी ऐकला.

डोक्यावर पंखा फिरत होता. सगळ्या ट्यूबलाइट चालू होत्या.

गुरुदास थांबला. त्याने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, रागाने नव्हे, हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस बघतो तसं. "असांच," तो हळू म्हणाला. "त्या दिवशीय माका असांच आयकाक इला. म्हणजे मी इचारलंय. माका भास झालो नाय."

मग त्याने पुन्हा तळवा छातीवर ठेवला आणि गाऱ्हाणं रीतीप्रमाणे पुरं केलं. "सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

आमच्यातल्या एकाचंही तोंड उघडलं नाही. तेवढ्यात मागून साहेब, ज्यांना मधलं काहीच कळलं नव्हतं, मोठ्याने आणि एकटेच म्हणाले, "होय महाराजा!"

जासिंतमामांनी नारळ फोडला. पोहे वाटले गेले. माणसं खाली मान घालून खात होती, आणि गुरुदासही खात होता, ताटली टेबलावर ठेवून, डाव्या हाताने, सावकाश. मला वाटलं होतं की आता माझ्या आत काहीतरी फुटेल. काही झालं नाही. ओठ बधिरच होता. पण बधिर ओठानेही माणूस बोलतो, एवढं मला दिसलं.

मी माझ्या टेबलाशी गेले, कॉम्प्युटर चालू केला. जबाबांचा साचा तिथेच होता, तो मीच तर केला होता. वर माझं नाव घातलं, पद घातलं. तोंडी परमिट घेण्याची पद्धत आहे का? पुढे टाइप केलं: होय. मग ती केव्हापासून आहे, कोणाकोणाला ठाऊक आहे, फळ्यावरचं लाल पेन, डोंगरापलीकडचं उपकेंद्र, सगळं एकाखाली एक लिहीत गेले. कोणी विचारलं नव्हतं. दीपेश दारात येऊन उभा होता. आत येईना, आणि जाईनाही.

साहेब पोह्यांची ताटली घेऊन आले. पडद्यावर काय आहे ते त्यांनी वाचलं, आणि ताटली माझ्या टेबलाच्या कडेला ठेवली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "विनीताताई, उद्या दसरा. आज कशाला हे? बंद करा ना."

"होय साहेब," मी म्हणाले, आणि टाइप करत राहिले.