सर्वेशचा वाटा

सायकल चालवायला रत्नागिरीइतकं गैरसोयीचं गाव दुसरं नसेल. घरातून निघालं की चढ, आणि उतार लागला म्हणून खूश व्हावं तर परतताना तोच उतार चढ होऊन समोर उभा. तरी मी रोज पहाटे हेल्मेट घालून बाहेर पडते आणि शेजारपाजारचे लोक अजूनही बघून हसतात. चाळिशी उलटल्यावर हे खूळ माझ्या डोक्यात घालणारा माणूस म्हणजे सर्वेश.

सर्वेश, सुहास आणि मी शाळेपासूनचे मित्र. सर्वेश बंदरावरच्या मिरकरवाड्यातल्या भिकाजी तांडेलांचा मुलगा. तांडेल स्वतःच्या होडीवर होते तोवर तोही दर्यावर गेला. ते वारल्यावर होडी विकली आणि हा मस्कतला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला लागला. सुहास मंडणगडच्या डोंगरात प्राथमिक शाळेवर मास्तर. मी इथेच, पंचायत समितीत, फायलींच्या ढिगाआड. वर्षातून एकदा भेट झाली तर झाली, अशी आमची मैत्री उरली होती.

एक दिवस सर्वेशचा मस्कतहून फोन आला. म्हणाला, इथे सकाळी समुद्राच्या कडेनं सायकल चालवतो, पण एकट्याला कंटाळा येतो. तुम्ही तिकडे चालवा, मी इकडे चालवतो, आणि तिघांचे किलोमीटर एकत्र करू. नकाशावर मिरकरवाड्यातून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीला वळसा घालायचा आणि पलीकडच्या किनाऱ्याने थेट पुरी गाठायची. बेरीज पुरी झाली की तिघांनी खरोखर गाडीत बसून पुरीला जायचं.

पुरीच का, असं मी विचारलं. तर म्हणाला, "आपल्या समुद्रात सूर्य बुडतो ग. बाबांनी जन्मभर तो बुडतानाच बघितला. मला समुद्रातनं वर येताना बघायचाय."

मी म्हटलं, मोबाइलवर बघ, फुकट दिसेल. माझी जीभ अशीच आहे. त्यावर तो दोन दिवस काही बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी मुकाट्याने सायकल विकत घेतली.

सुहासने ग्रुप काढला, नाव ठेवलं 'तीनचाकी'. संध्याकाळी प्रत्येकाने आपापले किलोमीटर लिहायचे आणि मास्तरांनी बेरीज करून आपण कुठवर पोचलो ते सांगायचं. सर्वेश कधी किलोमीटर म्हणालाच नाही. होडीवर मासळी आली की तिचे वाटे घालतात, बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचे वाटे. तीच सवय. "माझा आजचा वाटा अकरा," असं लिहायचा. बघता बघता आम्हीही वाटाच म्हणायला लागलो. सुहासचा निरोप यायचा, "जय भीम. आपण कारवार ओलांडलं." लगेच सर्वेश विचारायचा, "जय भीम मास्तर, कारवारात जेवलात काय?" मग सुहास काल्पनिक खानावळीतल्या बांगड्यांचं वर्णन करायचा आणि मी दोघांना कामं नाहीत का म्हणून झापायचे. खरं सांगायचं तर दिवसभरात मी हसायचे ती तेवढीच वेळ.

उडुपी गेलं, कोझिकोड गेलं. कोचीच्या आसपास सर्वेशचे आकडे उतरायला लागले. अकराचे सहा झाले, सहाचे दोन. पोट दुखतं म्हणाला. मी लिहिलं, खाण्यावर ताबा ठेव. महिन्याभरात कंपनीनेच त्याला मुंबईला धाडला, आणि तिथे स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. लग्न त्याने केलंच नव्हतं. वाशीला बहिणीकडे राहून उपचार सुरू झाले. भेटायला कुणी यायचं नाही, जंतुसंसर्ग होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फोनवरही तो दोन वाक्यांत दमायचा.

त्याच्या नावापुढे रोज शून्य पडायला लागलं. ते मला बघवेना. मी जाहीर केलं, आजपासून माझ्यातला अर्धा वाटा सर्वेशच्या नावावर. सुहासनेही अर्धा काढला. बेरीज तेवढीच राहते हे त्याने गणित शिकवल्यासारखं सांगितलं, तेव्हा मी त्याला म्हटलं की तुझी बेरीज तुझ्या शाळेत ठेव. तो गप्प बसला. माझ्यापुढे तो नेहमीच गप्प बसतो, म्हणून तर मैत्री टिकली आहे.

असं काही महिने चाललं. आम्ही कन्याकुमारीला वळसा घातला. मग एका महिन्याचा तक्ता सुहासने नव्याने करून टाकला आणि त्यात गडबडीत सर्वेशचा रकाना राहूनच गेला. त्याच संध्याकाळी, कितीतरी दिवसांनी, सर्वेशचा निरोप आला. चारच शब्द.

"माझा वाटा काढू नका."

वाटलं, माणूस तिकडे मरणाशी झुंजतोय आणि आम्ही त्याचं नाव तक्त्यातून काढून टाकलं. सुहासला फोन करून मी नको नको ते बोलले. तो बिचारा माझी चूक, माझी चूक एवढंच म्हणत होता. मग मी ग्रुपवर लिहिलं, "नाही काढणार. मी आहे ना." सर्वेशने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून मी नेहमीच्या भाट्याऐवजी पार हातखंब्यापर्यंत जायला लागले, त्याचा वाटा मोठा व्हावा म्हणून. हायवेवरची धूळ खात परतताना मला फार बरं वाटायचं. आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या आईचा, आवडाबाईंचा फोन आला. सर्वेशला घरी आणलाय, ये बाय, म्हणाल्या. डॉक्टरांनी घरी न्या असं सांगितलं की त्याचा अर्थ काय होतो तो सगळ्यांना माहीत असतो. मी ऑफिसातून तशीच उठून मिरकरवाड्याला गेले.

बंदरावर नेहमीचा गोंगाट होता, बर्फ फोडत होते, कुणाचा तरी लिलाव चालला होता. घरात शिरले आणि खाटेवर सर्वेश दिसला. त्या खाटेत जेमतेम अर्धा माणूस होता. डोळे तेवढे त्याचे होते.

मी उगाच बडबडत राहिले. हातखंब्याचा चढ, टायरचं पंक्चर, नागपट्टणम गाठल्याची बातमी. त्याने ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाला, "शमे, मी तुला सांगितलं होतं ना, माझा वाटा काढू नका म्हणून?"

"मग कुणी काढला? रोज लिहितेय की तुझ्या नावावर."

तो हसायला लागला. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते, आणि शेवटी धाप लागून डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं भ्रम झाला. तर म्हणाला, "फायलीत जन्म गेला तुझा. तुला कुठून कळणार."

मग थांबत थांबत त्याने सांगितलं. भिकाजी तांडेलांच्या होडीवर रीत होती. खलाशी आजारी पडून घरी बसला तरी त्याचा वाटा काढायचे. काढायचे म्हणजे बाजूला काढून ठेवायचे आणि घरी पाठवायचे. वाटा येतो तोवर तो माणूस होडीवरचाच. पुन्हा होडीवर चढणं आपल्याच्याने होणार नाही हे ज्याला कळायचं, तो स्वतः निरोप पाठवायचा, माझा वाटा काढू नका. त्यानंतर कुणी त्याच्याशी वाद घालत नसे.

म्हणजे त्याने आमचा निरोप घेतला होता. आणि मी त्यावर लिहिलं होतं, नाही काढणार, मी आहे ना. त्याला वाटलं, शमीने ऐकलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नावावर माझेच चौदा किलोमीटर पडले.

"रोज तुमचा वाटा येतो आणि मी इथे पडून," तो म्हणाला. "वाटतं, उद्या उठायला पाहिजे, एवढी चालवतायत माझ्यासाठी. उठवत नाही ग. दमलो मी. आता मोकळं करा मला."

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, कदाचित मराठी भाषेचाच. मी बरं म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही, पाणी आणते सांगून उठले.

आवडाबाई दाराआडच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझा हात धरून मला मागीलदारी नेलं आणि म्हणाल्या, "बाय, ता बंद नको करूस. रोज संध्याकाळी मी तुमचा आकडा त्याला वाचून दाखवतंय. वाटा येताय तवर माझा पोर होडीवर हाय."

घरी परतल्यावर सुहासला फोन केला. सगळं सांगून विचारलं, आता कुणाचं ऐकायचं, त्याचं की काकींचं? तो म्हणाला, "काकींचं नाव पुढे करू नकोस शमिका. थांबायचं आपल्यालाच नाहीये." मी फोन आपटला. खरं बोललं की मी फोन आपटते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. सर्वेश गुंगीत होता. आवडाबाई मागीलदारी कोळंबी सोलत बसल्या होत्या. कोण खाणार होतं देव जाणे, हाताला काम हवं म्हणून सोलत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, असा निरोप आला की तांडेल काय करायचे?

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, शेवटचा वाटा तांडेल स्वतः घेऊन जायचे. दुसऱ्या कुणाच्या हाती धाडायचे नाहीत. "मी पन जायची संगती. घरातली बाई रडायची, पन पदर पसरायची. न पसरून कसा चालंल? घेतला नाय तर मानूस मधीच अडकून ऱ्हातो."

बोलता बोलता त्यांचे हात थांबले. आपण काय बोललो ते त्यांना कळलं. मलाही कळलं. मांजराने टोपलीतली कोळंबी पळवली तरी कुणी हाकललं नाही. मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. तो जागा असताय तवा."

रात्री सुहासला कळवलं. त्याने एवढंच लिहिलं, मीही पहाटे सायकल काढतो.

पहाटे मी हातखंब्याला गेले आणि परत येताना घरी न थांबता तशीच बंदरावर उतरले. पाय भरून आले होते. रस्त्यात सुहासचा आकडा आला. मंडणगडच्या चढणीवर त्याने बारा काढले होते, तेही गुडघेदुखी असताना.

आवडाबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून खाटेशी बसल्या होत्या. सर्वेश जागा होता. सायकल दाराला टेकवून मी आत गेले. काय बोलायचं ते वाटेत दहादा घोकलं होतं.

"काकी," मी म्हणाले, "सर्वेशचा वाटा आणलाय. शेवटचा."

आवडाबाईंनी मुलाकडे बघितलं. त्याने मान हलवली, इतकी हलकी की मी लक्ष देऊन बघत नसते तर दिसली नसती. त्या उठून उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी पदर पुढे धरला आणि म्हणाल्या, "किती?"

"चाळीस. माझे अठ्ठावीस आणि मास्तरचे बारा. आज अर्धा नाही काढला, सगळा त्याला दिला."

मी रिकामेच हात त्यांच्या पदरावर धरले. त्यांनी पदर गोळा केला आणि कमरेला घट्ट खोचला. मग तोंड फिरवून भिंतीला कपाळ टेकलं.

सर्वेशने मला खुणेने जवळ बोलावलं. कुठवर पोचलो, विचारत होता. नागपट्टणम मागे टाकलं, म्हटलं, पुरी अजून लांब आहे.

"पण वळसा झाला ना? तिथे सूर्य समुद्रातनंच वर येतो?"

"हो," मी म्हणाले. "तिथे रोज तसाच येतो."

"मग झालं की," तो म्हणाला. माझा हात त्याने सोडला नाही, आणि मीही ऑफिसला गेले नाही.

त्याच आठवड्यात तो गेला. सुहास मंडणगडहून आला, आमच्याबरोबर स्मशानात उभा राहिला, आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेला. जाताना एवढंच म्हणाला की पुरीला जायचं तर आहेच. मी हो म्हटलं.

काही दिवस सायकलला हात लावला नाही. मग एका सकाळी निघाले, भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागले आणि वळून परत आले. संध्याकाळी ग्रुप उघडला. सवयीने आठ लिहिले आणि दुसरे आठ लिहायला 'सर्वेश' इतकं टाइपही केलं. मग ते पुसलं, आठही पुसले, आणि सोळा लिहिले. सगळेच्या सगळे माझ्या नावावर.