ओब्रादची खिडकी गळत नव्हती

मित्रांनो, मी सहा वर्षे गळत होते. भोक कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ज्यांना ते ठाऊक असायला हवे होते, ते मात्र सहा वर्षे दुसरीकडेच बघत राहिले. म्हणून माझी गोष्ट थोडी वैतागून सांगितली, तर समजून घ्या.

मी मुक्कामाची गाडी आहे, पण जन्माने नाही. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पोटात नुसत्या फळ्या होत्या. बारा वर्षे मी उझित्से गावाच्या आसपासच्या खेड्यांत पाव पोचवले. पहाटेचे ऊन ऊन पाव घेऊन मी वळणावर आले की माणसे फाटकाशी येऊन उभी राहत. त्या बारा वर्षांत माझ्या छपरातून एक थेंबही आत आला नाही. पावाला ओल चालत नाही.

मग बेकरीवाल्याने नवी गाडी घेतली आणि मला तिहोमिरने नेले. तो शाळेत भूगोल शिकवून नुकताच निवृत्त झाला होता. त्याची बायको विदोसावा, घरातली विदा, हिची छाती नाजूक. गावात कोळशाचा धूर फार, तेव्हा उन्हाळ्यातला एक महिना तारा पर्वतावर काढा, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिहोमिरने मला आतून पाइनच्या फळ्या ठोकल्या, मागे पलंग केला, पुढे शेगडी बसवली. पहिल्याच उन्हाळ्यात विदा महिनाभर एकदाही खोकली नाही. मला त्याचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू! मी पाव पोचवत होते, आता श्वास पोचवत होते.

त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा ओब्रादने भेट म्हणून माझ्या छपराला खिडकी बसवली. ओब्राद हा तिहोमिरचा कूम. लग्नात तोच साक्षीला उभा राहिला, पोरांची नावेही त्यानेच ठेवली. इकडे कूम सख्ख्या भावाच्या वर, आणि दोघेही एकमेकांना कूमच म्हणतात. भावाशी भांडता येते, कुमाशी नाही. त्यात हा ओब्राद पत्र्याचा कारागीर. गावातल्या निम्म्या घरांच्या पन्हळी त्याच्या हातच्या. त्याने पलंगाच्या वर माझा पत्रा कापला, कडा दुमडून घेतल्या, चौकटीभोवती पाणी वाहून जायला चार बारीक खाचा ठेवल्या. मग झारीभर पाणी ओतायला लावून स्वतः खाली कोरडे वर्तमानपत्र हातात धरून बसला. वर्तमानपत्र कोरडेच राहिले. ते काम चोख होते. माझ्या अंगावरचे आहे, मला नाही तर कुणाला कळणार?

पुढच्या वर्षी तिहोमिरला सावली हवीशी झाली. दाराच्या वर कापडी छत लावायला त्याने पट्टी आणली आणि माझ्या छपराला सहा भोके पाडली. पाच नीट पडली. सहाव्याला ड्रिल घसरले. स्क्रू तिरका बसला, खालचा रबरी वायसर धारेवर कापला गेला. तिहोमिर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चालतंय."

नाही चालले, मित्रांनो.

पाण्याचा स्वभाव साधा असतो. ते उतार शोधते आणि वाट मिळेल तिकडे जाते. अंगणात मी मागच्या बाजूला किंचित कलून उभी असते. सहाव्या स्क्रूतून शिरलेले पाणी पत्रा आणि फळ्या यांच्या मधल्या फटीतून निमूटपणे मागे वाहत जायचे. वाटेत फळ्यांना पहिला खंड होता तो ओब्रादच्या खिडकीपाशी. तिथे ते खाली टपकायचे, थेट तिहोमिरच्या कपाळावर.

त्याने वर पाहिले. वर खिडकी होती.

"खिडकी गळतेय," तो विदाला म्हणाला.

"मग सांग कुमाला."

"काय सांगू? तुझं काम फसलं म्हणून सांगू?"

विदाने त्याला कपाळ पुसायला फडके दिले. आणि सहा वर्षांचा मूर्खपणा सुरू झाला.

तिहोमिर गुपचूप सिलिकॉन आणून खिडकीच्या कडांना फासू लागला. पुन्हा गळले की पुन्हा थर. दुसऱ्या वर्षी ओब्रादने ठेवलेल्या चारही खाचा बुजल्या. तिसऱ्या वर्षी झाकण चिकटून बसले आणि खिडकी उघडेनाशी झाली. आतला दमटपणा बाहेर जायला वाटच उरली नाही, आणि माझ्या फळ्यांवर काळी बुरशी चढली. सहावा स्क्रू बिचारा गंजत होता, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. मी काय करणार? कलून उभे राहणे माझ्या हाती नव्हते, ओरडणेही नव्हते. एकदा तारा पर्वतावर त्यांनी मला नाक खाली करून उभी केली. रात्रभर पाऊस पडला आणि पाणी मागे न येता चालकाच्या आसनावर टपकले. मला वाटले, आता तरी डोक्यात प्रकाश पडेल. तिहोमिर आसन पुसत म्हणाला, "बघ, आता खिडकीचं पाणी पुढेपर्यंत जायला लागलं." भूगोलाचा मास्तर, मित्रांनो! नद्या उताराने वाहतात हे त्याने तीस वर्षे पोरांना शिकवले.

ओब्राद यायचा म्हटले की निराळीच धांदल. थेंब झेलायला पलंगावर ठेवलेली पातेली उचलून बाकाखाली, डागावर भरतकामाचा रुमाल. ओब्राद आत डोकावून विचारायचा, "काय कूम, माझी खिडकी काय म्हणते?" आणि तिहोमिर म्हणायचा, "कोरडी ठणठणीत." एकदा ओब्रादने त्या रुमालाचे कौतुक केले. छताला रुमाल लावलेला त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. विदाने त्याला तसलाच एक भरून दिला.

पण विदा आता माझ्यातच खोकू लागली. ज्या हवेसाठी डोंगरावर जायचे, ती हवा दाराबाहेर, आणि आत बुरशी. गेल्या उन्हाळ्यात सलग तीन दिवस पाऊस लागला तेव्हा तिने तिन्ही रात्री पुढच्या आसनावर, कोट पांघरून, बसून काढल्या. घरी आल्यावर ती म्हणाली, "मी या गाडीत परत झोपणार नाही. आणि गावात राहिले तर पुढच्या हिवाळ्याचं मला सांगता येत नाही." आवाज चढवून नव्हे, भाजीत मीठ किती ते सांगावे तशी म्हणाली.

यावर तिहोमिरने काय करावे? त्याने मला भंगारात द्यायचे ठरवले. कुमाला एक वाक्य बोलण्यापेक्षा त्याला ते सोपे वाटले.

भंगारवाला गुरुवारी येणार होता. पण तो भंगारवाला ओब्रादकडून पत्र्याचे तुकडे नेणारा. त्याने सहज विषय काढला, आणि बुधवारी सकाळी ओब्राद शिडी घेऊन अंगणात हजर.

"गाडी जाते तर जाऊ दे," तो म्हणाला. "माझी खिडकी काढून घेतो. चांगली वस्तू आहे."

तिहोमिर म्हणाला, आधी कॉफी घेऊ. ओब्राद तोवर शिडीवर चढलाही होता. सिलिकॉनचे ते थर बोटाने दाबून पाहत होता. मग खाली न बघता म्हणाला, "हे कुणी केलं?"

"असंच, जरा जास्तीची काळजी म्हणून," तिहोमिर म्हणाला.

"काळजी? अरे, केक केलायस."

विदा दारात उभी होती. तिला खोकला आला, तो तिने ओसरू दिला. मग म्हणाली, "सहा वर्षं गळतंय, कूम. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

ओब्राद शिडीवरून सावकाश उतरला. "सहा वर्षं," तो म्हणाला. "आणि दर सणाला माझ्या घरी जेवताना तू मला कोरडी ठणठणीत सांगितलंस."

ओब्राद फाटकाबाहेर गेला. मला वाटले, संपले. पण अर्ध्या तासाने तो झारी आणि लाकडी पट्टी घेऊन परत आला. दुपारपर्यंत त्याने एकट्याने सगळे सिलिकॉन खरवडून काढले. तिहोमिर मदतीला पुढे झाला तर नुसता हात दाखवून त्याला थांबवले. मग विदाला आत बसवले आणि सांगितले, थेंब दिसला की छताला ठोक.

त्याने पाणी सगळ्यात खालून, मागच्या सांध्यापासून ओतायला घेतले. ओतायचे आणि थांबायचे. घाई नाही. मग खिडकी. पूर्ण झारी खिडकीवर रिकामी केली. आतून ठोका नाही. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. नाही. मग तो दारावरच्या छताच्या पट्टीकडे वळला. एक स्क्रू, थांबा. दुसरा, थांबा. पाच झाले. मी जीव मुठीत धरून उभी होते. सहाव्यावर पाणी ओतल्यावर चार मिनिटे काहीच झाले नाही. आणि मग आतून ठोका आला. विदा म्हणाली, थेंब खिडकीच्या कडेशीच पडला.

तिहोमिर शिडी धरून उभा होता. "ड्रिल घसरलं होतं," तो पुटपुटला.

मला वाटले होते ओब्राद हसेल, चिडवेल. तसा हक्कच होता त्याला. तो झारी ठेवत म्हणाला, "खिडकी खरंच गळत असती तर बरं झालं असतं. तासाभरात नीट केली असती. तू मला न विचारताच ठरवलंस की माझं काम वाईट. ते मी कशानं नीट करू?"

आणि तो गेला. कॉफी तशीच राहिली.

भंगारवाल्याला विदाने परत पाठवले. तिहोमिरने सहावा स्क्रू काढला, भोक नीट बुजवले, सगळे वायसर बदलले, कुजलेल्या फळ्या काढून नव्या ठोकल्या. मी कोरडी झाले. पण तीन आठवडे फाटकातून ओब्राद आला नाही, आणि तिहोमिर घरात येरझाऱ्या घालत राहिला. तेवढ्यात ओब्रादच्या घरची स्लावा आली, त्यांच्या घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी कुणी आमंत्रण देत नाही. यायचे त्याने आपणहून यायचे. तिहोमिर विदाला घेऊन माझ्यातूनच निघाला.

मी ओब्रादच्या अंगणात उभी होते. पाऊस लागला होता, घराच्या खिडक्या उघड्या होत्या. सगळे जेवायला बसल्यावर तिहोमिर राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, पेला घेऊन उठला. यजमानाला शुभेच्छा द्यायच्या ऐवजी त्याने भरल्या पंगतीत सगळी हकिगत सांगितली. ड्रिल, रुमाल, सिलिकॉन, पातेली, एकूण एक. शेवटी म्हणाला, "या माणसाचं काम सहा वर्षं निर्दोष होतं. भोक माझं होतं."

पाहुणे खो खो हसले. ओब्रादचा म्हातारा काका म्हणाला, "मास्तर, आता आमच्या नातवंडांना कुठल्या नद्या शिकवल्यास ते पण सांगून टाक." ओब्राद हसला नाही. तो म्हणाला, "बस आता, सारमा थंड होतायत," आणि कोबीच्या पानात गुंडाळलेला पहिला सारमा त्याने तिहोमिरच्या ताटात वाढला.

जेवणानंतर तो एकटाच अंगणात आला. बूट न काढता माझ्या पलंगावर आडवा झाला आणि वर खिडकीवर पडणारा पाऊस ऐकत राहिला. विदाने त्याला कॉफी आणून दिली.

"खोकला?" त्याने विचारले.

"नव्या फळ्या बसल्यापासून गाडीतच झोपते. एकदाही नाही."

"हं," ओब्राद म्हणाला आणि कुशीवर वळला.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची निगा तेल, रंग आणि वायसर यांनी राखता येते, ते तुम्ही करालच. पण काही बिघडले तर ज्याने ते केले त्याला आधी विचारा. त्याला वाईट वाटेल म्हणून मनातल्या मनात त्याला दोषी ठरवू नका. माझा नाइलाज होता. मला बोलता येत नाही, फक्त गळता येते. तुम्हाला तर देवाने तोंड दिले आहे.