कौसल्याकाकींच्या मोरीतली फरशी

मी मोरीतली फरशी बोलतेय. नाक मुरडू नका. देवघरातला पाट बोलू लागला असता तर तुम्ही हात जोडून बसला असता, हे मला ठाऊक आहे. पण पाटावर घरातलं एखादंच माणूस बसतं. माझ्यावर मात्र झाडून सगळे रोज अनवाणी उभे राहतात. कोण टाचेवर भार देतं, कोण चवड्यावर, कोणाच्या पायाला भेगा आहेत, हे मला त्यांच्या तोंडांपेक्षा चांगलं माहीत असतं.

माझा जन्म शहाबादच्या खाणीतला. तिथून मालगाडीने वाडीबंदरला आले आणि बैलगाडीने लालबागला. तेव्हा ही चाळ नवी बांधत होते. गवंड्याने मला तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, खिडकीखालच्या कोपऱ्यात बसवलं. बसवताना भोकाच्या बाजूला बोटभर उतार दिला, तांब्याभर पाणी ओतून ते कुठे धावतं ते पाहिलं आणि तो पुढच्या खोलीत गेला. मी तीन हात लांब, दोन हात रुंद. भोवती वीतभर उंचीचा कठडा, वर जुन्या लुगड्याचा पडदा, शेजारी पाण्याचं पिंप. संडास गॅलरीच्या टोकाला आणि नळही तिथेच. पण अंघोळीचं, भांड्यांचं, माशांचं, तांदळाचं, सगळं पाणी माझ्यावरून जायचं.

कौसल्याकाकी लग्न होऊन या खोलीत आल्या त्या राजापूरकडच्या. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. छातीच्या दुखण्याने तो गेला तेव्हा त्यांना मूलबाळ नव्हतं. दिराने गावी चला म्हटलं, पण त्या गेल्या नाहीत. गावच्याच पाच जणांना त्यांनी जेवायला आणि राहायला ठेवलं आणि खानावळ सुरू केली. पाचही जण गिरणीतले. सगळे त्यांना काकी म्हणत. निजायला काकी आत आणि पाच जण गॅलरीत. मी सगळ्यांची.

नवरा होता तेव्हापासून घरात एक नियम होता. जो शेवटी न्हाईल त्याने मोरी घासून बाहेर यायचं. दोन माणसांच्या घरात तो नियम चालला. पाच गिरणी कामगार आले आणि तो बिघडला. का बिघडला ते काकींच्या बराच काळ लक्षात आलं नाही. पाचांत तीन पाळ्या होत्या. पहिल्या पाळीचा सकाळी अंघोळ करून जायचा तेव्हा रातपाळीचा यायचा होता. रातपाळीचा न्हाऊन झोपायचा तेव्हा दुसऱ्या पाळीचा उठायचा होता. दुसऱ्या पाळीचा अंगावर पाणी घ्यायचा तेव्हा पहिल्या पाळीचा संध्याकाळी हातपाय धुवायला येणार असायचा. प्रत्येकाच्या मागे कोणी ना कोणी होताच. त्यामुळे शेवटचा असा कोणी नव्हता, आणि खोटं कोणीच बोलत नव्हतं.

पुरुषांनी पाहिलं नाही ते शेवाळाने पाहिलं. पिंपाच्या सावलीत ते आधी धरलं. वरून साबणाचा चिकटा, बांगड्याचं तेल, गळलेले केस. काकी दुपारी हात फिरवायच्या, पण पाच जणांचं जेवण रांधून दुपार उरायची कितीशी? त्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. भिंतीला हात लावून त्या आत यायच्या आणि आधी पायाचा अंगठा टेकवून बघायच्या.

एकदा अंगठा टेकवायच्या आधीच टाच पडली आणि घसरली. पिंपाचा काठ हाताला लागला म्हणून डोकं वाचलं, पण मनगट मुरगळलं. शेजारच्या शेवंतीने हळद-तेल लावून पट्टी बांधली.

ही बातमी धाकट्या दिराच्या कानावर गेली. सीताराम त्याचं नाव. रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला होता. मनाने वाईट नव्हता, पण एकदा ठरवलं की ऐकायचा नाही.

"वैनी, आता पुरे झालं," तो उंबऱ्यावरूनच म्हणाला. "डोळ्यांना दिसत नाही, हात मोडून घ्यायची पाळी आली. उद्या कंबर मोडलीत तर हे पाच जण उचलणार आहेत काय तुम्हाला?"

"मोडली नाही ना अजून?"

"मोडायची वाट बघायची? पुढल्या महिनाअखेरच्या बोटीनं मी गावी जातोय. तुम्हीही चला. आई आहे, घर आहे. खानावळ बंद."

"आणि तिथं काय करू? तुमच्या आईचे पाय चेपू आणि माझे डोळे मिटायची वाट बघू?"

सीताराम तसाच जिना उतरला. बोटीची जागा त्याने ठरवून टाकली.

काकींना गावी जायचं नव्हतं. तिथे त्या मोठ्या मुलाची विधवा होत्या. इथे पाच माणसं त्यांच्या हाताकडे बघून जेवत होती. ही खोली सुटली की परत मिळणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. त्या रात्री त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. नानाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जेव आधी." नाना हा पाचांतला वयाने मोठा, सूत कातायच्या रिंगखात्यातला.

नंतर जानेवारी आला. छप्पन्न सालचा. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवणार, ही बातमी आली आणि गिरणगाव रस्त्यावर उतरला. गिरण्यांचे भोंगे थांबले. खिडकीतून मला घोषणा ऐकू यायच्या, मग धावपळ, मग गोळ्यांचे आवाज. समोरच्या चाळीत एका खोलीतून बराच वेळ रडणं ऐकू आलं. मग कर्फ्यू लागला.

गोळीबाराबद्दल मी काही सांगू शकत नाही. मी जमिनीला खिळलेली. मला एवढंच कळलं की पाचही जण एका वेळी घरात आहेत. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पाच जण, एक खोली, काम नाही, बाहेर जायचं नाही. त्यांना दीर-भावजयीची गोष्ट शेवंतीच्या बोलण्यातून तेव्हाच कळली, कारण घरात बसल्यावर कान रिकामे असतात.

"काकी गेली तर आपण जेवायचं कुठं?" शिवा म्हणाला. हा साचेखात्यातला, बोलण्यात घाई.

"तुला जेवायचीच पडलीय," नाना म्हणाला.

"तुला कसली पडलीय मग?"

नाना तंबाखू मळू लागला. त्यालाही जेवायचीच पडली असावी.

जयवंत कापड पांढरं करायच्या ब्लीचखात्यात होता. त्याला तोडगा सुचला. खात्यातून मागून आणलेली तेजाबाची बाटली त्याने ट्रंकेमागे ठेवलेली होती. गिरणीत मोठमोठे हौद त्याने साफ होतात, मग तीन हात मोरी ती काय?

"काकी, तुम्ही बाजूला व्हा. कर्फ्यू उठेपर्यंत आरसा करून देतो. तुमच्या दिरानं येऊन भांग पाडावा त्यात."

त्याने बाटली माझ्यावर उपडी केली.

आम्ही शहाबादी दगड चुनखडीच्या जातीचे. तेजाबाशी आमचं जमत नाही. मी दुधासारखी फसफसले. धूर वर आला, पाचही जण खोकत सुटले, आणि काकींचा हात धरून सगळे गॅलरीत पळाले. गॅलरीत सहा माणसं दिसल्याबरोबर खालून शिपाई ओरडला, "अंदर जाव! अंदर जाव, नहीं तो गोली चलेगा!"

आत धूर, बाहेर बंदूक. शेवंतीने दार उघडून सहाही जणांना आपल्या खोलीत ओढलं.

"काय पेटवलंत रे?"

"मोरी धुतली," जयवंत डोळे पुसत म्हणाला.

शेवंती हसत सुटली. काकी हसल्या नाहीत.

धूर गेल्यावर पाहिलं तर माझा वरचा पापुद्रा गेला होता. निळसर काळी होते, ती पांढुरकी झाले; अंगभर खळगे पडले. दुखलं का, म्हणाल तर दगडाला दुखत नाही. जयवंतला मात्र आनंद झाला. खरखरीत लागतंय, आता पाय कसा सरकेल? पहिल्या दिवशी नाहीच सरकला. पण खळग्यांत साबण बसतो, हे त्याच्या हौदांना माहीत नव्हतं. पाच माणसं घरात कोंडलेली, प्रत्येकाची अंघोळ, प्रत्येकाची भांडी. तिसऱ्या दिवशी प्रत्येक खळग्यात चिकटा भरला आणि मी पूर्वीपेक्षा बुळबुळीत झाले.

काकी तांदूळ धुवायला आल्या आणि त्यांचा पाय पुन्हा गेला. नाना दोन हातांच्या अंतरावर बसला होता, त्याने दंड धरला. तांदूळ मात्र सगळे भोकाकडे वाहिले. कर्फ्यूतले तांदूळ.

त्या कठड्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "न्हाऊन झाल्यावर मोरी कोणी घासली?"

शिवा म्हणाला, "माझ्यामागून नाना होता."

नाना म्हणाला, "माझ्यामागून जयवंत."

जयवंत म्हणाला, "मी तर भांडी व्हायची होती म्हणून..."

तेव्हा काकींना कळलं. गिरण्या बंद होत्या, पाळ्या नव्हत्या, सगळे डोळ्यांसमोर होते; तरीही शेवटचा कोणी नव्हता.

"मुंबई आमची, मुंबई आमची म्हणून घसे बसवलेत," त्या म्हणाल्या, "आणि ही तीन हात मोरी कोणाची रे? माझ्या एकटीची?"

शिवा पुटपुटला, "काकी, पुरुषमाणसानं मोरी घासायची म्हणजे..."

"पुरुषमाणूस न्हातो ना तिच्यात? मग मळ काय बाईचा पडतो?"

बाहेर शिपायाच्या बुटांचा आवाज तेवढा येत होता.

मग त्यांनी एकेकाला आत बोलावून शिकवलं. अंग ओलं असतानाच, पंच्याला हात लावायच्या आधी. चुलीतली राख चिमूटभर, नारळाचा काथ्या, कोपऱ्यापासून भोकाकडे घासत यायचं. पिंपाच्या बुडाशी दोनदा. मग दोन तांबे पाणी आणि भोकावरचे केस उचलून केरात. शेवटी गोणपाटाच्या तुकड्याने पाणी उताराला ओढायचं आणि बादली पालथी घालायची. "भात उतू जायला लागतो तेवढा वेळसुद्धा लागत नाही. पण प्रत्येकानं. मागून कोण येतोय ते बघायचं नाही."

दिसत नसल्यामुळे त्या कानांनी पहारा ठेवायच्या. घासल्याचा खसखस आवाज आला नाही तर आतला माणूस बाहेर येऊ शकत नसे. दुसऱ्याच दिवशी जयवंतने युक्ती केली. माझ्यावर पाय ठेवून आरामात उभा राहिला आणि काथ्या पिंपावर घासू लागला.

"मेल्या," चुलीपाशी बसलेल्या काकी म्हणाल्या, "पिंपाला कशाला न्हाऊ घालतोस? ते पत्र्याचं वाजतंय."

जयवंत खाली बसला. मग मात्र त्याने खळग्यांत बोटं घालून घासलं. खळगे त्याचेच होते.

कर्फ्यू उठला. गिरण्या सुरू झाल्या, पाळ्या सुरू झाल्या. काकींना धाकधूक होती. पहाटे नाना गेला, घासून गेला. रातपाळीहून शिवा आला, डोळे मिटत होते, तरी घासून झोपला. मला हे नवीन होतं. दिवसातून इतक्या वेळा मी कोरडी कधी झाले नव्हते. खळगे राहिले, पण त्यांत काही साठेना.

ठरल्या दिवशी सीताराम आला तो थेट वखारीतून. अंगभर लाकडाचा भुसा. बोट संध्याकाळी होती.

"ट्रंक भरलीत काय, वैनी?"

"आधी न्हाऊन घ्या. असेच बोटीत चढाल तर बायका वाट सोडतील."

तो पडद्याआड आला. भुसा धुतला, केस धुतले आणि पंचा गुंडाळून बाहेर निघाला.

"भावजी, मोरी घासलीत?"

"मी?"

"तुम्हीच न्हालात ना आता?"

"वैनी, मी पाहुणा आहे."

"भुसाही पाहुणाच आहे. भोक तुंबवून बसेल."

गॅलरीत बसलेल्या नानाने मान फिरवली. जयवंत उगाच खाली रस्त्याकडे बघू लागला. सीताराम परत आत आला. त्याला काथ्या धरता येत नव्हता. राख जास्त घेतली, पाणी कमी. भोकावरचा भुसा त्याने दोनदा ओंजळीने उचलला. लाकडं उचलणारे हात होते, जोर पुष्कळ होता. त्याचे गुडघे माझ्यावर टेकले तेव्हा खळगे त्याला लागले असणार.

तो बाहेर आला. काकी उठल्या, पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि आत आल्या. भिंतीला हात लावला नाही. माझ्यावर मधोमध उभ्या राहिल्या, कळशी पिंपात रिकामी केली, वळल्या आणि कठडा ओलांडून बाहेर गेल्या.

सीताराम बघत राहिला.

"उद्या यांतल्या कोणी घासली नाही तर?" शेवटी तो म्हणाला.

"नाही घासली तर ताट नाही."

"आणि तुम्ही पडलात तर?"

"ती पडली तर आम्हाला कोण वाढणार?" नाना गॅलरीतून म्हणाला. "आम्ही पडू देतोय होय!"

ते प्रेम होतं की पोट, हे मला पायांवरून कळत नाही. सीतारामलाही कळलं नसावं. त्याने ओला पंचा पिळून दांडीवर टाकला आणि सदरा घातला.

"आईला काय सांगू?"

"सांगा, गणपतीला येईन. आणि राहायला नाही, भेटायला येईन."

तो एकटा बोटीवर गेला.

त्याला आता चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात महाराष्ट्र झाला. गॅलरीत पेढे वाटले, रात्री दिवे लावले, पहाटेपर्यंत लेझीम चालू होती. पाचांतले दोन जण बदलले. नवे आले त्यांना जुन्यांनी पहिल्याच सकाळी काथ्या दाखवला. काकींना आता उजेड आणि सावली एवढंच दिसतं. पण त्या रोज भरल्या कळशीने माझ्यावर येतात आणि जातात. मी खळग्यांची, पांढुरकी, बघायला काही बरी दिसत नाही. बरी दिसायला मला इथे कोणी बसवलंही नव्हतं.

तुमच्या घरची मोरी कशी आहे ते मला माहीत नाही. संगमरवरी असेल, नाहीतर माझ्यासारखीच असेल. एवढंच सांगते. आज न्हाऊन झालं की पंच्याला हात लावायच्या आधी खाली वाका आणि घासून घ्या. तुमच्यानंतर तिथे कोणाचा तरी पाय पडणार आहे.