सिस्टरांची बरणी

ऐकू येतंय का? ही मी, जाड काचेची, रुंद तोंडाची बरणी. भट्टीतून निघाले ती थेट किराणा दुकानाच्या फळीवर. चौकात आले ती मात्र सिस्टरांमुळे.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर विधानसभेला उभ्या राहिल्या. विरोधात उभ्या असलेल्या आमदारांकडे गाड्यांच्या रांगा, जेवणावळी, कमानी. खर्चाच्या हिशेबात त्यातलं निम्मंही दिसत नसे. सिस्टरांकडे लोकवर्गणी गोळा करायला फक्त मी होते.

"पत्र्याचा डबा घे की," त्यांची बहीण म्हणाली.

"अगं, डब्यात काय पडतं ते कुणाला दिसतंय? माझा पैसा लोकांना दिसला पाहिजे."

मला केवढा अभिमान वाटला!

चौकात किल्ल्या बनवणाऱ्या काकांची टपरी होती. त्यांनी सगळ्यांदेखत पाचशेची नोट माझ्यात सोडली. "सुनेच्या बाळंतपणात जागलात, सिस्टर. एक पैसा घेतला नाहीत."

"अहो, सरकारी दवाखाना तो! घेतला असता तर नोकरी गेली असती!"

सगळे हसले. समोर फलकाखाली उभा असलेला आमदारांचा माणूसही हसला. हसता हसता त्याने फोन वर धरून काकांचा फोटो काढला.

त्याच आठवड्यात अतिक्रमणवाल्यांचा ट्रक आला. रांगेतली एकच टपरी उचलली.

"साहेब, उभा जन्म इथं काढलाय मी."

"मला काय विचारता काका? कुणाला पैसे दिलेत, ते आठवा."

सिस्टर धावत आल्या, तोवर ट्रक वळला होता. काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "डब्यात मागितले असतेत, तर कुणाला कळलं नसतं हो."

कोण काय टाकतं ते दिसू नये म्हणून सिस्टरांनी मला टॉवेलमध्ये गुंडाळलं. पण आता ओळखीची माणसंही रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. निकालात सिस्टरांची अनामत गेली. काकांची नोट घेऊन त्या त्यांच्या घरी गेल्या.

"ठेवा," काका म्हणाले. "परत घेतली, तर टपरी फुकटच गेली की."

आता काका खांद्यावर पिशवी टाकून दारोदार विचारतात, "किल्ली करायची का?" गुडघे साथ देत नाहीत. मी सिस्टरांच्या माळ्यावर पडून आहे, रिकामी.

पुन्हा निवडणूक येईल. एखादी बरणी तुमच्यापुढे धरली जाईल. द्या, जरूर द्या. पण खिशात हात घालण्याआधी मागे वळून बघा, कोण उभं आहे ते. काचेच्या बरणीवर हे सांगायची वेळ यावी, याची मला लाज वाटते.